हरवलेली सोन्याची खाण आणि सात डॉलरचा नकाशा



गेल्या लाइव्हमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, तुम्ही मार्जिन सांगता, मार्केटिंग सांगता, पण खरं सिक्रेट कुणीच सांगत नाही. ते एकदा सांगून टाका ना." त्या प्रश्नावर चॅटमध्ये इतके अंगठे पडले की मला कळेना काय बोलावं. कारण विचारणाऱ्या ताई काही आळशी नव्हत्या. त्यांचं मसाल्याचं काम चालू आहे, पहाटे उठून भाजणी करतात. तरीही मनात कुठेतरी आहेच, की मेहनत आपली चाललीय ती वेगळी आणि पैसा जिथे आहे ती जागा वेगळी. ती जागा कुणाला तरी माहीत आहे आणि तो सांगत नाही.

त्याचं उत्तर म्हणून या आठवड्याचा व्हिडिओ केला, अमेरिकेतल्या एका हरवलेल्या सोन्याच्या खाणीवर. पण बारा मिनिटांत सगळं बसलं नाही. त्यातल्या एका दुकानदार बाईंची गोष्ट मी घाईत उरकली, आणि नेमकी तीच आपल्या कामाची होती. म्हणून आज सविस्तर लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल, सुरुवातीपासूनच सांगतो.

डोंगर आणि म्हातारा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या पूर्वेला वाळवंटातून एकदम भिंतीसारखा उठलेला एक डोंगर आहे, सुपरस्टिशन माउंटन्स. नावाचा अर्थच अंधश्रद्धा! उघडे कडे, काटेरी निवडुंग, पाण्याचा पत्ता नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर.

या डोंगरात जेकब वॉल्ट्झ नावाच्या माणसाला सोन्याची खाण सापडली होती, अशी दंतकथा आहे. वॉल्ट्झ मूळचा जर्मन. जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणतात, अमेरिकनांनी त्याचं 'डच' करून टाकलं. म्हणून ही खाण 'लॉस्ट डचमन्स माइन', म्हणजे हरवलेल्या डचमनची खाण, या नावाने प्रसिद्ध झाली. खरं तर हरवली ती खाण, डचमन नव्हे. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

वॉल्ट्झ खरा माणूस होता, याच्या नोंदी आहेत. तो खाणकामाच्या मागे फिरला, १८६१ साली अमेरिकेचा नागरिक झाला आणि पुढे फिनिक्सजवळ सॉल्ट नदीच्या काठी जमीन घेऊन राहिला. तिथे तो काय करायचा? कोंबड्या पाळायचा आणि गावात अंडी विकायचा, असं सांगतात. हे अंड्यांचं जरा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

१८९१ च्या फेब्रुवारीत सॉल्ट नदीला महापूर आला. वॉल्ट्झचं सगळं वाहून गेलं, म्हातारा आजारी पडला. फिनिक्समध्ये ज्युलिया थॉमस नावाच्या बाईंचं बेकरी आणि मिठाईचं दुकान होतं. त्यांनी त्याला आपल्या घरी आणून त्याची सेवा केली. २५ ऑक्टोबर १८९१ रोजी तो वारला. मरण्याआधी त्याने खाणीचा रस्ता सांगितला आणि त्याच्या खाटेखाली सोन्याने भरलेले दगड ठेवलेली पेटी होती, अशी कथा आहे.

इथून पुढे बघा गंमत. म्हणजे गंमत तरी कसली म्हणायची!

चालू दुकान सोडून

ज्युलिया थॉमस यांच्याकडे काय होतं, ते आपल्या भाषेत मांडतो. वाढणाऱ्या गावात चालू दुकान. रोज लागणारा माल. ओळखीचं गिऱ्हाईक. नवरा सोडून गेलेला असताना एका बाईने १८९० च्या काळात हे चालवलं होतं. तुमच्यापैकी कितीजणी आज नेमकं हेच उभं करायला धडपडताय!

१८९२ च्या ऑगस्टमध्ये त्या खाण शोधायला डोंगरात गेल्या. पैसा उभा करायला त्यांनी दुकानातला आपला हिस्सा विकला, असं सांगितलं जातं. सोबत राइनहार्ट आणि हर्मन पेट्राश हे दोघे भाऊ. ॲरिझोनाच्या वाळवंटात ऑगस्ट महिना, डोक्यावर ऊन, जनावरांना पाणी नाही. काही आठवड्यांत तिघेही रिकाम्या हाताने परत आले. दुकान गेलं होतं, हातात फक्त गोष्ट उरली होती.

मग त्यांनी ती गोष्टच विकली. खाणीचे नकाशे काढून त्या ते विकू लागल्या. एका नकाशाची किंमत सात डॉलर, असं सांगतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. नंतर लाज वाटली. त्या बाई फसवणाऱ्या होत्या असं मला वाटत नाही. त्या स्वतः आधी फसल्या होत्या, आणि पोटासाठी हातात होतं ते विकत होत्या. पण हिशेब बघा. या खाणीतून कुणी सोनं काढलं, असा पक्का पुरावा आजवर कुणाकडे नाही. नकाशातून मात्र पैसे आले. पुढे वर्तमानपत्रांनी ती गोष्ट छापली, पुस्तकं निघाली, नकाशांच्या नकला निघाल्या. खाण सापडलीच नाही, पण खाणीच्या गोष्टीचा धंदा सव्वाशे वर्षांहून जास्त चालू आहे.

आता एकच प्रश्न स्वतःला विचारा. आज मी ज्याच्या मागे लागलोय, त्यात माझी जागा कुठली? खाण खणणाऱ्याची, नकाशा विकणाऱ्याची, की नकाशा विकत घेणाऱ्याची?

न सापडणं हाच पुरावा

लोक इतकी वर्षं का जात राहिले? मूर्ख होते म्हणून? अजिबात नाही. ही गोष्ट रचलीच अशी गेलीय की ती खोटी पडूच शकत नाही.

खुणा बघा. तिथे वीव्हर्स नीडल नावाचा एक उंच सुळका आहे. खाण त्याच्या आसपास आहे म्हणतात. मावळतीचं ऊन खाणीच्या तोंडावर पडतं म्हणतात. खाणीतून लष्करी वाट दिसते, पण वाटेवरून खाण दिसत नाही म्हणतात. अहो, अशी जागा कुठल्याही डोंगरात पन्नास निघतील. आणि खाण सापडली नाही तर लोक काय म्हणतात? "बघा, किती बेमालूम लपवलीय!" म्हणजे न सापडणं हाच ती असल्याचा पुरावा झाला.

भूगर्भशास्त्र वेगळंच सांगतं. हा डोंगर ज्वालामुखीतून तयार झालेला, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या राखेचा आणि लाव्हाचा. अशा खडकात सोन्याची मोठी शीर असण्याची शक्यता तज्ज्ञ फार कमी मानतात. पण गोष्टीने भारलेल्या माणसाला खडकाचं काय सांगणार!

१९३१ च्या जूनमध्ये ॲडॉल्फ रूथ नावाचे वॉशिंग्टनचे वयस्कर गृहस्थ मुलाने मेक्सिकोतून मिळवलेला नकाशा घेऊन या डोंगरात गेले. परत आले नाहीत. डिसेंबरमध्ये त्यांची कवटी सापडली, बाकीचे अवशेष त्यानंतर. कवटीला भोक होतं. ते बंदुकीच्या गोळीचं की आणखी कशाचं, यावर वाद झाला. आणि परिणाम काय? बातमी देशभर गाजली आणि शोधायला येणारे उलट वाढले. एका माणसाचा मृत्यू हीच खाणीची जाहिरात ठरली.

हे जुन्या काळातलं म्हणून सोडून देऊ नका. २००९ साली डेन्व्हरहून आलेला एक तरुण इथेच बेपत्ता झाला, त्याचे अवशेष २०१२ मध्ये मिळाले. २०१० च्या जुलैत युटा राज्यातून आलेले तिघे याच खाणीच्या शोधात गेले आणि उन्हाने गेले. इंटरनेट असलेल्या काळातली ही माणसं आहेत.

आणि सगळ्यात कडू भाग पुढे आहे. १९६४ च्या कायद्याने हा भाग संरक्षित वनक्षेत्र झाला आणि १ जानेवारी १९८४ पासून तिथे खाणीचा नवा हक्क नोंदवायला बंदी आहे. म्हणजे आज एखाद्याला खाण सापडलीच समजा, तरी ती त्याची होणार नाही! जीव धोक्यात घालणाऱ्या किती जणांनी आधी हे विचारलं असेल, की सापडली तर मला विकता येईल का?

आपल्याकडे याहून वेगळं नाही. भारतात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तरीही हंडा निघेल म्हणून मांत्रिकाला पैसे देणारी माणसं आपल्या आसपास आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख आहे. ही हाव आपल्या ओळखीची आहे, फक्त तिथे डोंगर आहे आणि इथे परसबाग.

माझा नकाशा

आता स्वतःचं सांगतो. व्हिडिओत हे बोललो नव्हतो.

मी सव्वीस वर्षांचा होतो. नोकरी होती, पण मन नव्हतं. पेपरात जाहिरात वाचली, 'घरबसल्या अगरबत्ती बनवा, तयार माल आम्ही परत घेऊ'. मशीन त्यांचं, बांबूच्या काड्या त्यांच्या, पावडर त्यांची. आपण फक्त मशीनवर बसायचं आणि किलोवर पैसे घ्यायचे. ऑफिसात भिंतीवर फोटो, टेबलावर करारपत्र, चहा-बिस्किटं. मी वडिलांच्या फंडाच्या पैशांतून एक लाख चाळीस हजार भरले.

पहिला माल घेतला त्यांनी. दुसराही घेतला. तिसऱ्या वेळी म्हणाले, ओलावा जास्त आहे. चौथ्या वेळी म्हणाले, काडी वाकडी आहे. पाचव्या वेळी ऑफिसला कुलूप होतं.

मग मी पहिल्यांदा बाजारात गेलो. एका किराणा दुकानदाराने माझा माल हातात घेतला, वास घेतला आणि तीन प्रश्न विचारले. "महिन्याला किती देशील? उधारी किती दिवसांची? आणि माझ्याकडे जो येतोय त्याच्यापेक्षा तुझा माल मी का ठेवू?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की मशीन घेण्याआधी हा माणूस इथेच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर बसलेला होता. त्याच्याकडे जायला एक रुपया लागला नसता.

ते मशीन अजून मामांच्या गोठ्यात गोणपाटाखाली पडलंय. वडील त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझ्या त्या धंद्यात माल घेणारा एकच होता, ज्याने मला मशीन विकलं तोच. म्हणजे गिऱ्हाईक तो नव्हताच, गिऱ्हाईक मी होतो. मी सात डॉलरचा नकाशा घेतला होता.

खरी खाण सापडली तरी

तुम्ही म्हणाल, सर, सगळ्याच खाणी काही खोट्या नसतात. बरोबर आहे. त्याच ॲरिझोनात खरी सोन्याची खाण होती. म्हणून तिचीही गोष्ट ऐका.

१८६३ साली हेन्री विकेनबर्ग नावाच्या माणसाला फिनिक्सच्या वायव्येला सोनं सापडलं. व्हल्चर माइन, गिधाडाची खाण. ही दंतकथा नव्हे. १९४२ पर्यंत या खाणीतून सुमारे ३ लाख ४० हजार औंस सोनं निघालं, असा आकडा दिला जातो. विकेनबर्गने १८६६ मध्ये खाणीतला पाचातला चार भाग हिस्सा ८५ हजार डॉलरला विकला. हातात आले २० हजार. बाकीच्या पैशांसाठी तो भांडत राहिला, पण ते मिळाले नाहीत. पुढे १८९० मध्ये वरचं धरण फुटून त्याच्या शेतीचंही वाटोळं झालं. १९०५ साली तो गरिबीतच गेला.

म्हणजे ज्याला खरंच खाण सापडली, त्यालाही पेमेंटची अट नीट न बांधल्याने मार बसला. सोनं असलं तरी वसुली लागतेच, मित्रांनो. आपल्यापैकी कितीजण ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटतात आणि ॲडव्हान्स मागायला लाजतात?

आता त्या खाणीच्या आसपास काय घडलं बघा. तिथे शेकडो माणसं आणि जनावरं. त्यांना धान्य हवं, चारा हवा. जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने १८६७ मध्ये कंपनी काढली आणि सॉल्ट नदीवरून कालवा खणायला घेतला. तिथे शेकडो वर्षांपूर्वी होहोकम लोकांनी खणलेल्या कालव्यांच्या खुणा होत्याच, त्याच पुन्हा वापरात आणल्या. पाणी आलं, पिकं आली, माल खाणीला आणि लष्कराच्या छावणीला जाऊ लागला. त्या शेतीवर वस्ती वाढली. जुन्या संस्कृतीच्या राखेतून उठलेली वस्ती म्हणून तिचं नाव ठेवलं फिनिक्स. आज तिथे सोळा लाखांहून जास्त लोक राहतात.

स्विलिंगचा स्वतःचा शेवट चांगला झाला नाही. १८७८ मध्ये दरोड्याच्या आरोपाखाली तो युमाच्या तुरुंगात वारला. मी काही त्याची पूजा करा म्हणत नाही. पण त्याने खणलेलं पाणी टिकलं. खाण बंद पडली, शहर उभं आहे.

आणि तो जेकब वॉल्ट्झ? ज्याच्या नावाने लोक डोंगरात मेले, तो स्वतः नदीकाठी अंडी विकत होता. त्याच्याकडे सोन्याची खाण असती तर त्याने कोंबड्यांच्या मागे पळत म्हातारपण काढलं असतं का, हा प्रश्न विचारायला काही लागत नाही. पण अंड्यांची गोष्ट सांगायला मजा येत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

मग शोधायचंच नाही का?

इथे एक आक्षेप येणारच. "सर, स्वप्न पाहिलं नाही तर धंदा कसा होणार? प्रत्येक नवा उद्योग म्हणजे शोधच की!"

अगदी खरं. मी शोधाच्या विरोधात नाही. पण शोधायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरा खाणशोधक कसा काम करायचा? तो ओढ्यातली वाळू पसरट थाळीत घेऊन पाण्यात धुवायचा. जड सोन्याचे कण तळाशी राहतात. ते मोजायचा. मग थोडं वर जाऊन पुन्हा थाळी. कण वाढले तर दिशा बरोबर. कण एकदम थांबले तर सोन्याची जागा मागे राहिली, आता बाजूच्या उतारावर बघायचं. शीर दिसली तरी लगेच खणायला लागायचा नाही. दगडाचा नमुना तपासणीला द्यायचा, टनामागे किती सोनं निघेल हे कळल्यावरच खर्च करायचा.

लांब कशाला जायचं? आपले झारेकरी बघा. सराफ बाजारातली झाडलोट आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं. ती कुठल्या डोंगरात जात नाहीत. जिथे रोज सोनं घासलं जातं, तिथलीच धूळ धुतात. कुठल्या गल्लीत किती निघतं, हे त्यांना हाताने माहीत असतं.

खाणशोधकाची प्रत्येक थाळी त्याला काहीतरी सांगते, हो किंवा नाही. खजिन्याच्या मागे लागलेल्याला कुठलीच गोष्ट 'नाही' म्हणत नाही. त्याला दरवेळी "अजून थोडं पुढे" एवढंच ऐकू येतं. ज्युलियाबाईंसोबत गेलेला हर्मन पेट्राश पुढे आयुष्यभर ती खाण शोधत राहिला. वर्षानुवर्षं. कुणीही त्याला थांबण्याची तारीख दिली नव्हती आणि त्यानेही ती स्वतःला दिली नव्हती.

तुमच्या मसाल्याची, टिफिनची, शिवणकामाची थाळी कुठली? दहा अनोळखी माणसांना पैसे घेऊन विकणं. नातेवाईक धरायचे नाहीत, ते कौतुक करतात. दहातल्या किती जणांनी महिन्याभरात पुन्हा मागवलं, ते लिहून ठेवा. हेच तुमचे थाळीतले कण. सात जणांनी मागवलं तर पुढे चला. एकानेही नाही मागवलं तर देवाला दोष देऊ नका, ओढा बदला.

आणि माझ्यासारख्यांचं काय?

आता जे लिहितोय ते लिहिताना जरा हात अडतोय, कारण ते माझ्याच पोटावर येतं.

मीही कोर्स विकतो. मग मी नकाशा विकणारा आहे का? हा प्रश्न तुम्ही मला विचारायला हवा. प्रत्येक ट्रेनरला, प्रत्येक फ्रँचायझीवाल्याला, प्रत्येक मशीनवाल्याला विचारायला हवा. माझं मत स्पष्ट आहे. जो म्हणतो "माझ्याकडे असं काहीतरी आहे जे दुसऱ्या कुणाला माहीत नाही", तो नकाशा विकतोय. शिकवणारा माणूस बाजारात उघड असलेलीच गोष्ट शिकवतो. कॉस्टिंग कसं काढायचं, जीएसटीचा हिशेब कसा ठेवायचा, उधारी कशी मागायची. त्यात गुपित काही नाही. फक्त ते रोज करावं लागतं, आणि तेच जड जातं.

पैसे भरण्याआधी समोरच्याला तीन गोष्टी विचारा. मला विचारतानाही लाजू नका.

पहिली गोष्ट, तुमचं उत्पन्न कुठून येतं? हा धंदा करून, की हा धंदा शिकवून आणि त्याची मशिनं विकून? दोन्हीतून असेल तर काय हरकत आहे, पण आकडा सांगा. मी माझा सांगतो, माझं बहुतेक उत्पन्न शिकवण्यातून येतं. म्हणून मी तुम्हाला 'मसाल्यात महिन्याला लाख रुपये' असलं काही सांगणार नाही, कारण मी ते केलेलं नाही.

दुसरी गोष्ट, माल घेणारा कोण? तुमच्याशिवाय बाहेरचे पाच खरेदीदार दाखवा, ज्यांच्याशी मी एकटा जाऊन बोलू शकेन. दाखवता येत नसतील तर चहा प्या आणि उठा.

तिसरी गोष्ट, हे चालत नाहीये हे मला कधी आणि कशावरून कळेल? याचं उत्तर "संयम ठेवा" असं आलं तर समजून जा. संयम हा गुण आहे, पण तारीख नसलेला संयम म्हणजे हर्मन पेट्राश.

शेवटचं

आज त्या डोंगराच्या पायथ्याशी 'लॉस्ट डचमन' नावाचं सरकारी उद्यान आहे. लोक तंबू ठोकतात, फोटो काढतात, संध्याकाळी लाल होणारे कडे बघतात. जवळच गोल्डफील्ड आहे. तिथे १८९२ मध्ये, म्हणजे ज्युलियाबाई रिकाम्या हाताने परतल्या त्याच वर्षी, खरंच सोनं लागलं होतं. गाव वसलं, पुढे शीर हरवली आणि पाच-सहा वर्षांत गाव ओस पडलं. आता तिथे पर्यटकांना तिकीट लावून जुनी खाण दाखवतात. तिकीट काढणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे माहीत असतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटत नाही. गोष्ट ऐकायला पैसे द्या, खुशाल द्या. गोष्टीवर दुकान गहाण टाकू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला राहून राहून त्या बेकरीचं वाईट वाटतं. फिनिक्स वाढतच होतं. आणखी दहा वर्षं ज्युलियाबाई त्या दुकानात पाव आणि मिठाई विकत राहिल्या असत्या तर काय झालं असतं, कुणी सांगावं. त्यांची खाण बहुतेक त्या गल्ल्याच्या मागेच होती. ही फक्त त्या बाईंची चूक नाही. चालू असलेलं छोटं काम आपल्याला छोटं वाटतं, आणि न पाहिलेली खाण मोठी वाटते. माझंही तसंच झालं होतं.

म्हणून लाइव्हमधल्या त्या ताईंना माझं उत्तर, ताई, सिक्रेट नाहीये. तुमची भाजणी आहे. गेल्या महिन्यात किती पाकिटं गेली, कुणी दुसऱ्यांदा मागवली आणि एका पाकिटामागे खरंच किती उरले, हे तीन आकडे आज रात्री वहीत लिहा. जमलं तर खाली कमेंटमध्येही टाका, आपण मिळून बघू.

बाकीच्यांनाही हाच गृहपाठ. आणि तुमच्याही घरी गोणपाटाखाली एखादं मशीन पडलेलं असेल तर तेही लिहा, नाव न घेता. लाज वाटून घेऊ नका. पहिलं मी लिहिलंय.

पुढच्या शुक्रवारी व्हिडिओ आहे: 'ॲडव्हान्स कसा मागायचा'. विकेनबर्गला आठवून बघा.

भेटू या.